विंगेतला आगाऊ शब्द

नटांना अक्कल नसते, हे मी आयुष्यभर विंगेत उभा राहून पाहिलंय. तोंडाला रंग लावलेला, उजेडात उभा केलेला आणि डोक्यात पुढचं वाक्य नसलेला माणूस, याच्याइतकं केविलवाणं दुसरं काही नसतं. त्या क्षणी त्याची अब्रू वाचवतो तो मी. माझं तोंड कुणाला दिसत नाही, पोस्टरवर माझं नाव नसतं, आणि टाळ्या पडल्या की हेच लोक कमरेत वाकून त्या खुशाल स्वतःच्या म्हणून घेतात. मी प्रॉम्प्टर आहे. नाटक चालू असताना संहिता हातात घेऊन आडोशाला उभं राहायचं, नट अडला की पुढचा शब्द त्याच्या कानापर्यंत पोचवायचा आणि पहिल्या रांगेपर्यंत मात्र पोचू द्यायचा नाही, हे माझं काम. हल्ली हे काम करणारे फारसे उरलेले नाहीत. नव्या पोरांना वाटतं त्यांना सगळं पाठ असतं.

मला अजून ठेवलंय ते थोरल्यांमुळे. थोरले म्हणजे आमचे ज्येष्ठ नट. सगळं थिएटर त्यांना याच नावाने हाक मारतं आणि त्यांनाही ते आवडतं. वय झालंय, वाक्यं निसटतात. म्हणून त्यांनी करारातच घालून घेतलंय की मी विंगेत असल्याशिवाय ते रंगमंचावर पाऊल ठेवणार नाहीत. यात प्रेमबिम काही नाही, गरज आहे. प्रयोग संपल्यावर एवढ्या वर्षांत त्यांनी मला चहासुद्धा विचारलेला नाही.

तर या थोरल्यांना घेऊन एका दाढीवाल्या पोरग्याने नवं नाटक बसवलं. पोरगा म्हणजे दिग्दर्शक. तालमीला अनवाणी यायचा आणि बोलताना डोळे मिटायचा, एवढ्यावरून काय ते ओळखा. त्याच्या नाटकाचा शेवट असा: म्हातारा बाप पलंगाच्या कडेवर बसलाय, मुलगा घर सोडून निघालाय. बाप काहीतरी बोलायला तोंड उघडतो. आवाज येत नाही. मग गप्प. खूप वेळ गप्प. आणि शेवटी म्हणतो, "दार लावून जा." पडदा. एवढा वेळ प्रेक्षकांना ताटकळत ठेवून म्हातारा बोलतो काय, तर दार लावून जा! याला हल्ली नाटक म्हणतात.

त्या जागी संहितेच्या समासात मी स्वतःच्या हाताने पेन्सिलीने 'पॉज' लिहून ठेवलं होतं. तालमीत काही अडचण आली नाही. पण शुभारंभाच्या प्रयोगाला थोरल्यांनी तोंड उघडलं, गप्प बसले, आणि विंगेतून माझा आवाज गेला, "दार लावून जा." हळू नाही. चांगला खणखणीत. पहिल्या तीन-चार रांगांना ऐकू गेला आणि कुणीतरी फिस्सकन हसलं. थोरल्यांनी वाक्य म्हटलं, पडदा पडला, आणि सगळ्या नाटकाचा विचका झाला.

पुढच्या प्रयोगाला मी दात आवळून उभा होतो. तरी तेच झालं. त्याच्या पुढच्याला तोंडावर हात ठेवला, तर हाताच्या आडून तेच. मला पॉज कळत नाही असं नव्हतं. पॉज घेणारा नट आणि वाक्य विसरलेला नट यांतला फरक मी झोपेतही सांगेन. पण त्या एका जागी माझं तोंड माझं ऐकत नव्हतं.

दिग्दर्शकाने मला मेकअप-रूममध्ये बोलावलं. मोठ्या आवाजात ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो खांद्यावर हात ठेवून बोलला.

"काका, हे असं नाही चालणार. थोरल्यांच्या डोळ्यांची ऑपरेशनं आहेत, दोन महिने प्रयोग बंद. परत सुरू होताना हे थांबलेलं पाहिजे. नाहीतर त्यांच्या कानात यंत्र बसवू. बारीकसं असतं. मागे बसून कुणीही माइकवर वाक्यं वाचेल."

"आणि मी?"

"तुम्ही आराम करा ना."

आराम! माझ्या जागी एक यंत्र आणि एक कुणीही. वर पोरगा म्हणतो, "तुम्ही थेरपीला जा काका. सायकोडायनॅमिक. म्हणजे बोलून बोलून आतलं शोधायचं. मीपण जातो, चार वर्षं झाली." चार वर्षं जाऊन हा माणूस असा, तर न जाता कसा होता कुणास ठाऊक.

घरी येऊन बायकोला सांगितलं, तर मला वाटलं होतं ती त्या पोरग्याची सालटी काढेल. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला वाटतं की तुम्ही..."

"जाऊ नये," मी म्हणालो.

"जावं," ती म्हणाली. "माझं वाक्य मला संपवू द्या. लग्नाआधी शेवटचं संपवलं होतं मी."

तिला विनोद करायची सवय नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण विंगेतली जागा गेली तर मी दुसरं काय करणार होतो? मला दुसरं काही येत नाही. सकाळी उठून कुठे जायचं, हा प्रश्न घेऊन जगणारी माणसं मी बागेतल्या बाकांवर पाहिली होती. त्यांच्यात जाऊन बसायची मला भीती वाटली. म्हणून गेलो.

थेरपीची जागा चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. बाहेर तीन खुर्च्या, पैकी एकीवर एक तरुण आपल्या बुटांकडे बघत बसलेला. आतला सेट मी एका नजरेत ओळखला. तिरप्या ठेवलेल्या दोन खुर्च्या, म्हणजे एकमेकांच्या डोळ्यांत बघितलं तरी चालेल, नाही बघितलं तरी चालेल. तुमच्या हाताशी कागदी रुमालांचं खोकं, म्हणजे रडायची आगाऊ सोय. घड्याळ तुमच्या खुर्चीच्या मागे, त्यांना दिसेल असं. एक पलंगासारखा लांबट कोच भिंतीला लावलेला, त्याला त्या दिवशी तरी काही काम नव्हतं. नेपथ्यावर फार खर्च केलेला नव्हता.

थेरपिस्ट बाई पन्नाशीच्या असाव्यात. साधा सुती ड्रेस, पायांत चपला, चेहऱ्यावर काहीही नाही. खरंच काही नाही. नटाने असा चेहरा ठेवला असता तर मी म्हटलं असतं, याला घरी पाठवा.

"बोला," बाई म्हणाल्या.

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. ते आलं नाही. बाई नुसत्या बसून राहिल्या. मला दया आली. माणूस नवखा असला की होतं असं.

"'काय त्रास होतोय?'" मी हळूच म्हणालो.

"हं?"

"तुमचं वाक्य. 'काय त्रास होतोय तुम्हाला?'"

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मला पुढे काय म्हणायचं ते आठवत नाही, असं वाटलं तुम्हाला?"

"वाटलं कशाला? दिसत होतं."

त्यावर त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मी माझी हकिगत सांगितली. त्यांनी काहीही लिहून घेतलं नाही. शेवटी त्यांनी या उपचारांचं काय ते सांगितलं. तुम्ही कधी जाणार असाल तर ऐकून ठेवा, म्हणजे माझ्यासारखे तोंडघशी पडणार नाही. पहिल्या काही भेटी, एकमेकांबरोबर काम जमेल का हे बघण्याच्या. मग दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ, तीच खोली, पन्नास मिनिटं. तुम्ही उशिरा आलात तरी संपणार वेळेवर. मनात येईल ते बोलायचं. क्रम लावायचा नाही, गाळायचं नाही. क्षुल्लक वाटलं, लाज वाटली, खुद्द बाईंचा राग आला, तरी तेही बोलायचं. स्वप्नं पडली तर स्वप्नं. बोललेलं या खोलीबाहेर जाणार नाही, जिवावरचा प्रसंग सोडून. बाई सल्ला देणार नाहीत, घरी करायला काही देणार नाहीत, गोळी देणार नाहीत.

"मग देता काय?" मी विचारलं.

"लक्ष," बाई म्हणाल्या. "माणसांशी वागायची आपली एक रीत असते. ती फार लहानपणी, तेव्हाच्या गरजेपोटी ठरते. गरज संपते, रीत राहते, आणि ती कुठून आली हे आपण विसरून जातो. इथे माझ्याशी वागतानाही ती दिसेल. दिसली की तिच्याकडे दोघांनी मिळून बघायचं."

"आणि बरं कधी वाटणार?"

"तारीख नाही सांगता येणार. मध्ये काही दिवस आत्तापेक्षा वाईटही वाटेल."

व्वा! असा धंदा मी तरी दुसरा पाहिला नाही. गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं की माल काय आहे माहीत नाही, कधी मिळेल माहीत नाही, आणि घेतल्यावर पोट दुखेल. वर गिऱ्हाईक पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन जातं. मीही घेतली.

पुढच्या भेटींत मी बाईंना पुरतं ओळखलं, असं मला वाटत होतं. त्यांच्याकडे मोजून पाच-सहा वाक्यं होती. 'त्याबद्दल आणखी सांगाल?' 'तेव्हा काय वाटलं?' 'आत्ता काय झालं?' एवढ्या तुटपुंज्या संहितेवर त्यांचा संसार चालला होता. मला ती सगळी पाठ झाली. त्या श्वास घेत, तोवर मी वाक्य देऊन मोकळा होई. एकदा मी आमच्या तालमींबद्दल सांगत होतो, बाई पुढे झुकल्या, आणि मी म्हणालो, "'त्याबद्दल आणखी सांगाल?' सांगतो." आणि सांगत सुटलो. बाईंचं काम मीच करत होतो. त्या नुसत्या बसायच्या.

मुद्दाम उशिराही गेलो एकदा. जिन्यात उभा राहून वेळ काढला. बघू काय करतात. काही नाही. ठरल्या वेळी म्हणाल्या, "आजची आपली वेळ संपली." आणि पुढच्या वेळी म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही मला वाट बघायला लावलीत. तुम्ही आत याल की नाही, मला माहीत नव्हतं. हे मला कळावं असं तुम्हाला वाटत होतं का?" मी म्हणालो, बस चुकली. असल्या फुसक्या गोष्टींतून अर्थ काढायला हे लोक शिकतात, आणि त्याच्या पदव्या भिंतीला लावतात.

लहानपणाचा विषय निघणारच होता, तो निघाला. मी आधीच सांगून टाकलं की माझ्या लहानपणात त्यांना काही सापडायचं नाही. कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. बाबा कापडाच्या दुकानात मापं घ्यायचे, कापड फाडून द्यायचे. तोतरे होते, एवढंच. शाळा सुटली की मी दुकानात जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहायचो. गिऱ्हाइकासमोर बाबांचा शब्द अडकायचा, मान ताणली जायची, चेहरा लाल व्हायचा, गिऱ्हाईक इकडेतिकडे बघायला लागायचं. मग मी शब्द द्यायचो. 'सुती.' 'अडीच मीटर.' 'उद्या या.' लोक म्हणायचे, पोरगा चलाख आहे हो. मालकही म्हणायचे. तिथेच मी हे काम शिकलो म्हणा ना.

"आणि बाबा काय करायचे?" बाईंनी विचारलं.

"कधी?"

"तुम्ही शब्द दिलात की."

असल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? "मान डोलवायचे," मी म्हणालो.

त्या रात्री झोप लागेना. चूक दातात अडकलेल्या कणासारखी खुपत होती, कारण उत्तर अर्धवट दिलं होतं. पुढच्या भेटीत मी बसल्या बसल्या, निव्वळ अचूकपणासाठी, ते पुरं केलं. मी चुकीचा शब्द दिला तरी बाबा मान डोलवायचे. एकदा दुकानात एक गिऱ्हाईक बाई निळं कापड बघत होत्या. बाबांना म्हणायचं होतं की हे धुतल्यावर आटतं. 'आ' वर अडले. मी म्हणालो, 'आणखी स्वस्तातलं दाखवतो.' बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मान डोलवली आणि वळून स्वस्तातलं काढलं. ते आटतं हे त्यांना म्हणायचं होतं, हे मला संध्याकाळी कळलं, घरी आईशी बोलताना. आईशी बोलताना ते कमी अडायचे. आई भाकरी थापत नाहीतर कपड्यांच्या घड्या घालत बसायची आणि त्यांचं संपेपर्यंत तशीच काम करत राहायची.

हे सांगून मी थांबलो. बाई काही बोलल्या नाहीत. एक मिनिट गेलं असेल. मला ते सहन होईना. खालच्या दुकानाचं शटर वाजलं, पुन्हा शांत झालं. बाई विसरल्या होत्या, दुसरं काय!

"म्हणा ना," मी म्हणालो. "'तेव्हा काय वाटलं?' म्हणा! एवढंसं वाक्य आहे."

"मी विसरले नव्हते," बाई म्हणाल्या. "मी तुमच्याबरोबर गप्प बसले होते."

मला एवढा संताप आला की मी उठून उभा राहिलो. गप्प बसायचे पैसे घेता, मी म्हणालो. माणूस समोर तडफडत असताना हातावर हात ठेवून बसायला शिकवतात का तुमच्या कॉलेजात? एक शब्द द्यायला काय जातं तुमचं? आवाज बाहेरच्या त्या बूट बघणाऱ्या पोरापर्यंत गेला असणार. गेला तर गेला.

"कोण तडफडत होतं?" बाईंनी विचारलं.

"मी नाही," मी म्हणालो. "बाबा."

आणि मग जे मला सांगायचंच नव्हतं ते मी उभ्या उभ्या सांगितलं. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी थिएटरात नोकरीला लागलो होतो. दवाखान्यात रात्री मी एकटाच त्यांच्याजवळ होतो. पलंगाच्या कडेला त्यांना टेकवून बसवलं होतं. पहाटे त्यांनी माझ्याकडे बघून तोंड उघडलं. आवाज येईना. मी म्हणालो, 'पाणी?' त्यांनी मान हलवली, नाही. 'उशी?' नाही. 'आईला बोलावू?' नाही. 'दुखतंय? नर्सला हाक मारू? खिडकी लावू?' मी देत गेलो, ते नाही म्हणत गेले. जन्मभर माझ्या चुकीच्या शब्दालाही मान डोलवणारा माणूस, त्या दिवशी त्याने माझा एकही शब्द घेतला नाही. मग त्यांनी तोंड मिटलं आणि भिंतीकडे वळले. दुपारी गेले.

"काय म्हणायचं होतं त्यांना?" मी बाईंना विचारलं. माझा आवाज चिरकला, त्याची मला आजही लाज वाटते. "तुम्ही एवढं शिकलात. एवढी माणसं ऐकता. काहीतरी असेल ना? एखादं वाक्य द्या मला. चुकीचं द्या."

बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी दिसलं. त्यांना वाईट वाटत होतं. ते खरं होतं. खोटं मला लगेच कळतं.

"ते वाक्य माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "असतं तर दिलं असतं असं मलाही वाटतंय आत्ता."

मी बसलो. खोक्यातला रुमाल घ्यायचा नाही असं पहिल्या दिवशी ठरवलं होतं, म्हणून बाहीला डोळे पुसले. बाई होत्या तिथेच बसून राहिल्या. मग त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि म्हणाल्या, "आजची आपली वेळ संपली." माणसाचं काळीज उघडं टाकून घड्याळ बघणारी ही जात आहे. मी जिना उतरताना त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

पुढच्या आठवड्यात गेलो नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात गेलो, ते त्यांना ऐकवायला की मी आता येणार नाही. बाई म्हणाल्या, "मागच्या मंगळवारी मी इथे होते. तुमची वेळ तुमचीच होती." म्हणजे पन्नास मिनिटं रिकाम्या खुर्चीसमोर बसल्या. मला ते हास्यास्पद वाटलं. हसू मात्र आलं नाही. मग मी काय ऐकवायला आलो होतो ते राहूनच गेलं, आणि आम्ही बाबांबद्दल बोललो. बाबांना तोतरेपणाशिवाय आणखी काय काय होतं, हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो. ते कापड न मोजता, नुसतं हातात धरून वजनावरून लांबी सांगायचे. शिट्टी फार सुंदर वाजवायचे, शिट्टीत कधी अडायचे नाहीत. बाई मध्ये बोलल्या नाहीत. मीही त्यांची वाक्यं दिली नाहीत, कारण त्या दिवशी माझ्या लक्षातच राहिलं नाही.

आता कुणाला वाटेल की मी बरा झालो. तसं काही नाही. बाईंनाच विचारलं, तर त्या म्हणाल्या, हे कळलंय खरं, पण कळणं आणि तोंड मिटणं यांच्यात अंतर असतं, वेळ लागतो. बघा म्हणजे! आणि प्रयोग तर आठवड्यावर आला होता.

प्रयोगाच्या दिवशी विंगेत माझ्यामागे त्या कानातल्या यंत्राचा एक माणूस खुर्ची टाकून बसला होता. समोर माइक, च्युइंगगम चघळत होता. दिग्दर्शकाने त्याला 'गरज पडली तर' म्हणून आणलं होतं. थोरल्यांनी यंत्र कानात घालायला नकार दिला होता. म्हणाले होते, आज याला उभा राहू दे, याने माती खाल्ली तर उद्यापासून घालतो. म्हणजे माझी ही शेवटची संधी, आणि ते त्यांनी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं.

नाटक नीट चाललं. मधे दोन ठिकाणी थोरले अडले, मी शब्द दिला, कुणाला पत्ता लागला नाही. च्युइंगगमवाल्यालासुद्धा लागला नाही.

शेवट आला. थोरले पलंगाच्या कडेवर बसले. मुलाचं काम करणारा नट दारापाशी गेला. थोरल्यांनी तोंड उघडलं. आवाज नाही. माझी जीभ दातांना लागली, 'दार' मधला 'दा' तयार झाला. आजवर अशा वेळी मी कागदाकडे बघायचो. कागदावर पुढचं वाक्य असतं. या वेळी मी थोरल्यांकडे पाहिलं.

त्यांनी मान विंगेकडे वळवली. पॉजमध्ये असं ठरलेलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते.

मी शब्द दिला नाही. का, ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. मला एवढंच दिसलं की एक म्हातारा माणूस तोंड उघडून माझ्याकडे बघतोय. मी संहिता खाली घेतली आणि तसाच उभा राहिलो, त्यांना दिसेन असा. मागे च्युइंगगमवाला उठून उभा राहिला. प्रेक्षागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. किती वेळ गेला माहीत नाही. थोरल्यांनी तोंड मिटलं, माझ्यावरून नजर काढून मुलाकडे नेली आणि म्हणाले, "दार लावून जा."

पडदा पडला तरी टाळ्या आल्या नाहीत. मग एकदम आल्या. दिग्दर्शक धावत आला, डोळे मिटून मला मिठी मारली आणि म्हणाला, "काका, हेच. हाच पॉज!" मी त्याला बाजूला केलं.

मेकअप-रूममध्ये थोरले आरशासमोर एकटेच बसले होते. रंग अर्धा पुसलेला. मला बघून दार लोटायची खूण केली.

"मी विसरलो होतो आज," ते म्हणाले. "ठार. कोरा. तुझ्याकडे बघितलं मी."

म्हणजे तो पॉज नव्हताच. माझं आयुष्यभराचं एकमेव काम, नट अडला की शब्द द्यायचा, आणि ज्या दिवशी तो खरा अडला त्या दिवशी मी नुसता उभा राहिलो. उद्यापासून यंत्र.

"मग कळलं की तू देत नाहीयेस," थोरले म्हणाले. "पण हललाही नाहीस तिथून. म्हटलं, असू दे. हा आहे तोवर घाई नाही. मग आलं आपोआप." त्यांनी कापूस खाली ठेवला. "का दिला नाहीस रे?"

मी तोंड उघडलं. एवढी वर्षं मी लोकांच्या तोंडात वाक्यं घातली, आणि आता माझं स्वतःचं वाक्य मला सापडेना. बाबांना त्या पहाटे काही नको होतं का? नुसतं कुणी बघत थांबायला हवं होतं का? ते मला कधीच कळणार नाही. मान ताणली गेली, आरशात माझा चेहरा लाल झालेला दिसला. थोरल्यांना सहज दोन शब्द टाकता आले असते. असल्या प्रसंगाची शेकडो वाक्यं त्यांना पाठ होती.

त्यांनी पायाने एक स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि वाट बघत बसले.

"माझे वडील," मी म्हणालो, आणि अडलो, आणि पुन्हा म्हणालो, "माझे वडील तोतरे होते."